खडे शोधता शोधता सापडलेले पॉलिप

पित्ताशयाच्या सोनोग्राफीची सुरुवात झाली ती खडे शोधण्यासाठी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग यांनी माणसांचे पित्तखडे कुत्र्यांच्या स्नायूंत आणि पित्ताशयात ठेवले, ध्वनिलहरी सोडल्या आणि परतणारे प्रतिध्वनी टिपले. चित्र असं काही उमटत नव्हतं. रेषेवर उंचवटे उठायचे, त्यांवरूनच खडा ओळखायचा. मऊ ऊतींतला ध्वनीचा वेगही त्यांनी मोजला: सेकंदाला सरासरी १५४० मीटर. आजची यंत्रं खोलीचा हिशेब करतात तो हाच आकडा धरून.

पॉलिप, म्हणजे पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरचे कोंब, तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हते. १९२४ पासून ग्रॅहम आणि कोल यांच्या पद्धतीने रंगद्रव्य देऊन पित्ताशयाचे एक्स-रे काढले जात, पण भिंतीला चिकटलेला बारीकसा कोंब त्यात सहज निसटे. १९७० च्या दशकात करड्या छटांचं आणि पुढे हलतं चित्र आलं, तेव्हा काळ्याभोर दिसणाऱ्या पित्तात हे कोंब उजळ उठून दिसू लागले.

खडा की पॉलिप, हे ठरवण्याची रीत मला फार सुंदर वाटते. पित्ताशय भरलेलं राहावं म्हणून रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात. ‘डाव्या कुशीवर वळा, श्वास रोखून धरा.’ खडा सहसा घरंगळतो आणि मागे काळी सावली पाडतो. पॉलिप जागचा हलत नाही, सावलीही पाडत नाही.

बहुतेक पॉलिप कोलेस्टेरॉलचे, निरुपद्रवी असतात. तरी रिपोर्टमधला शब्द वाचून घरदार हादरतं. कर्करोगाच्या शक्यतेमुळे पित्ताशय काढण्याचा सल्ला साधारणपणे १० मिमीपासून दिला जातो. ६ ते ९ मिमीच्या पॉलिपला रुंद बुडखा असेल किंवा रुग्णाचं वय साठीपुढे असेल, तर त्याआधीही. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०१७ साली भारतीय वंशाचा समावेश अशा जोखीम-घटकांत केला, २०२२ साली तिथे आशियाई वंश आला. मला ही मोट फार ढोबळ वाटते: पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात जितका आढळतो, तितका आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आढळत नाही. शिवाय दोन तपासणाऱ्यांच्या मापात एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून पुढच्या सोनोग्राफीला जाताना जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्याव्यात.