‘एसी पंप’ ते टाकीतला पंप : घरच्या दुरुस्तीची बदललेली गोष्ट (थ्रेड)

पेठ नाक्यावरून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आष्टा लागते. महाराष्ट्रातल्या इतर गावांप्रमाणे या पट्ट्यातले जुने मिस्त्रीही मोटारीच्या इंधनपंपाला ‘एसी पंप’ म्हणतात. वातानुकूलनाशी या नावाचा काडीचाही संबंध नाही.

‘एसी’ ही आल्बेर शांपियाँ या फ्रेंच माणसाची आद्याक्षरे. १८९९ मध्ये पॅरिस-रूबे ही सायकल शर्यत जिंकणारा हा गडी पुढे अमेरिकेत गेला आणि स्पार्क प्लग बनवू लागला. १९२७ मध्ये तो वारला. त्याच्या नावाच्या कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा इंधनपंप बाजारात आणला आणि कंपनीचे नाव वस्तूला चिकटले ते कायमचेच.

त्याआधी अनेक मोटारींना पंपच नव्हता. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल केवळ उताराने इंजिनाकडे वाहत येई. टाकीत पेट्रोल कमी असेल, तर चढावर गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये न्यावी लागे.

एसी पंपाची रचना साधी होती. इंजिनातला कॅमशाफ्ट एक दांडी हलवतो, दांडी रबरी पडदा खालीवर करते आणि दोन झडपा पेट्रोलला एकाच दिशेने जाऊ देतात. दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, यावरून तो किती किरकोळ होता ते कळेल.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून पुढे आलेली फियाट आणि नंतरची पद्मिनी याच पंपावर चालत. (सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.) आष्ट्याहून पुण्याला निघालेल्या गाडीला खंबाटकी आणि कात्रज असे दोन घाट ओलांडावे लागत. उन्हाळ्यात चढावर पंप तापे, आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी खोकत थांबे. मग पंपावर ओले फडके ठेवायचे आणि वाट पाहायची. हा भाबडा तोडगा नव्हता. वाफ थंड होऊन पुन्हा द्रव झाली की पंप खरोखरच चालू लागे.

असा पंप अंगणात बदलता येई. दोन बोल्ट, दोन नळ्या, एक गॅस्केट. पडदा फाटल्याची शंका आली तर ऑइलची दांडी ओढून वास घ्यायचा. पेट्रोल इंजिनात झिरपत असेल तर नाकाला लगेच कळे. टाकीतले पेट्रोल नळीने तोंडाने ओढायची सवयही त्याच काळातली, आणि ती तेव्हाही घातकच होती. १ फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते आणि फुप्फुसात गेलेला एक घोटही न्यूमोनियाला पुरे होता.

या भागातल्या हातांना आणखी एक शाळा मिळाली होती. आष्ट्याच्या पूर्वेला कृष्णा वाहते. नदीपलीकडे १९१० मध्ये, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, किर्लोस्करवाडी वसली. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनाने हवा धरली की नळीचा स्क्रू ढिला करून ती काढणे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सरावाचे झाले. परंतु डिझेल सोशिक असते. ३५ अंशांच्या खाली त्याची वाफ सहसा पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ मात्र उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते. डिझेलवर तयार झालेला निर्धास्त हात पेट्रोलवर चालत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

एप्रिल २००० पासून प्रदूषणाचे नवे निकष देशभर आले. कार्बुरेटर मागे पडला, इंजेक्शन आले आणि पंप इंजिनावरून थेट टाकीत गेला, तोही विजेवर चालणारा. पेट्रोलच्या आत विजेची मोटर! तरी स्फोट होत नाही, कारण हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. बंद टाकीतली वाफ सहसा त्याहून कितीतरी दाट असते. म्हणजे खरे संरक्षण टाकीच्या बंदिस्तपणात आहे, आणि पंप बदलणारा माणूस नेमका तोच बंदिस्तपणा मोडतो.

दाबही आता तीन बार किंवा त्याहून अधिक, आणि इंजिन बंद केल्यावरही तो नळीत टिकून राहतो. म्हणून जुन्या सवयीने नळी ओढली तर तोंडावर फवारा येतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, मग बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे आणि सांध्याभोवती फडके धरूनच नळी सुटी करायची. हे सारे इंजिन थंड असताना, उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते. तुळशीपुढचा दिवा किंवा चुलीतला निखारा तिला दूरचा नाही. जवळ पावडरचे अग्निशामक हवे. पाणी ओतले तर पेटते पेट्रोल त्यावर तरंगत पसरते.

काही गाड्यांत पंपाचे झाकण मागच्या सीटखाली मिळते, काहींत टाकीच उतरवावी लागते. दुसऱ्या प्रकारात घरच्या जॅकवर भरवसा ठेवू नये. ते काम गॅरेजचे. झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसावी, रबरी रिंग नवीच घालावी. टाकी कायम तळाला ठेवून गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंपाला थंडावा भोवतालच्या पेट्रोलचाच असतो.

सर्व जोडून झाल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करून दाब भरू द्यावा आणि प्रत्येक सांधा पाहावा. ओल दिसली किंवा वास आला, तर बॅटरी पुन्हा सोडवावी.