व्यवस्थापन अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती

व्यवस्थापन अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती म्हणजे व्यवसाय प्रशासन, प्रकल्प व्यवस्थापन व तत्सम विषयांतील पदवी अभ्यासक्रम ठरावीक गुणवत्ता निकषांना उतरतात किंवा नाही, याचे बाह्य संस्थेकडून होणारे मूल्यांकन व त्यानंतर मिळणारी मुदतबंद मान्यता होय. भारतात हे काम मुख्यत्वे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) आणि राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ (एनबीए) या दोन संस्था करतात. पहिली संस्था संपूर्ण महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे मूल्यांकन करते, तर दुसरी एकेका अभ्यासक्रमाचे. वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात व त्यांनाही हीच चौकट लागू होते.

संज्ञाभेद

संलग्नीकरण, मान्यता आणि अधिस्वीकृती या तीन संज्ञा व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जातात. प्रत्यक्षात त्या भिन्न आहेत.

संलग्नीकरण विद्यापीठ देते. त्यामुळे महाविद्यालयाला विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवण्याचा व विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या परीक्षेस बसवण्याचा अधिकार मिळतो. महाराष्ट्रात ही प्रक्रिया महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार चालते. नवीन महाविद्यालयाचा प्रस्ताव विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याशी सुसंगत असावा लागतो.

मान्यता अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते. जागा, ग्रंथालय, शिक्षकसंख्या व प्रवेशक्षमता यांचे किमान निकष पूर्ण झाल्यावर ती मिळते. एमबीएप्रमाणेच बीबीए, बीएमएस व बीसीए हे पदवी अभ्यासक्रमही २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून परिषदेच्या कक्षेत आले. भारतीदासन विद्यापीठ प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या निर्णयानुसार विद्यापीठांना स्वतःच्या विभागांत अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी परिषदेच्या पूर्वमान्यतेची आवश्यकता नाही. संलग्न महाविद्यालयांना हा निर्णय लागू होत नाही.

अधिस्वीकृती ही यापुढची पायरी आहे. संलग्नीकरण व मान्यता अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी देतात; तो कसा चालतो, याचा निवाडा अधिस्वीकृतीत होतो.

पार्श्वभूमी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेचे मूल्यांकन करणाऱ्या यंत्रणेची गरज मांडली गेली. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये नॅकची स्थापना केली. तिचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. त्याच वर्षी तंत्रशिक्षण परिषदेने आपल्या १९८७ च्या अधिनियमाखाली राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ स्थापन केले. हे मंडळ २०१० मध्ये स्वायत्त झाले. १३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. हा करार केवळ अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेपुरता असल्याने व्यवस्थापन पदव्यांना त्याचा लाभ मिळत नाही.

संस्थेचे मूल्यांकन

नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यानुसार मूल्यांकन सात निकषांवर होते: अभ्यासक्रम, अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन, संशोधन, नवोपक्रम व विस्तार, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य व प्रगती, प्रशासन व नेतृत्व, संस्थात्मक मूल्ये व उत्तम प्रथा. एकूण भार १,००० गुणांचा असला, तरी त्याची विभागणी संस्थेच्या प्रकारानुसार बदलते. विद्यापीठासाठी संशोधनाला २५० व अध्यापनाला २०० गुण असतात, तर संलग्न महाविद्यालयासाठी एकट्या अध्यापनाच्या निकषाला ३५० गुण असतात. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयाची कसोटी त्यामुळे प्रामुख्याने वर्गातील कामावर लागते.

महाविद्यालय प्रथम स्वयंअध्ययन अहवाल सादर करते. त्यातील आकडेवारीची स्वतंत्र पडताळणी होते, विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षण घेतले जाते आणि त्यानंतर तज्ज्ञांची समिती प्रत्यक्ष भेट देते. चारपैकी मिळालेल्या सरासरी गुणांवरून श्रेणी ठरते. ३.५१ व त्यापुढे ए++, ३.०१ ते ३.२५ साठी ए, तर १.५० किंवा त्याहून कमी गुण असल्यास अधिस्वीकृती नाकारली जाते. श्रेणीची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षे असते. या काळात महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने दरवर्षी अहवाल पाठवणे अपेक्षित असते.

अभ्यासक्रमाचे मूल्यांकन

राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाकडे अर्ज करण्यासाठी अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. मूल्यांकनाचा पाया निष्पत्तीआधारित शिक्षण हा आहे. विद्यार्थ्याला काय शिकवले यापेक्षा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तो काय करू शकतो, याला महत्त्व दिले जाते.

प्रत्येक विषयाची अध्ययन निष्पत्ती लिहून ती अभ्यासक्रमाच्या एकूण निष्पत्तींशी जोडली जाते. उदाहरणार्थ, ‘प्रकल्पातील कामांचा क्रम लावून निर्णायक मार्ग काढता येणे’ ही प्रकल्प व्यवस्थापन विषयाची निष्पत्ती असेल, तर परीक्षेतील कोणता प्रश्न ती तपासतो, किती विद्यार्थ्यांनी अपेक्षित गुण मिळवले आणि उद्दिष्ट गाठले नसल्यास पुढील वर्षी अध्यापनात कोणता बदल केला, याची नोंद दाखवावी लागते. याशिवाय शिक्षकांची पात्रता व संख्या, उद्योगांशी संबंध, माजी विद्यार्थ्यांची प्रगती आणि आर्थिक व्यवस्था यांचीही तपासणी होते. निकालानुसार अभ्यासक्रमाला सहा किंवा तीन वर्षांची अधिस्वीकृती मिळते अथवा ती नाकारली जाते.

संलग्न महाविद्यालयापुढे येथे एक विशिष्ट अडचण असते. पाठ्यक्रम व अंतिम परीक्षा विद्यापीठाच्या हाती असतात, मात्र निष्पत्ती साधल्याचा पुरावा महाविद्यालयाला द्यावा लागतो. अंतर्गत चाचण्या, प्रकल्पकार्य व पूरक उपक्रम यांतूनच तो प्रामुख्याने उभा करता येतो.

प्रकल्प व्यवस्थापन पदव्या

भारतात प्रकल्प व्यवस्थापन हा बहुधा एमबीए किंवा अभियांत्रिकीतील एक विषय असतो. स्वतंत्र पदव्यांसाठी अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (स्थापना १९६९) या व्यावसायिक संस्थेने जागतिक अधिस्वीकृती केंद्र चालवले आहे. हे केंद्र स्वयंअध्ययन अहवाल व तज्ज्ञभेटीच्या आधारे पदवी, पदव्युत्तर व विद्यावाचस्पती स्तरावरील अभ्यासक्रमांचे मूल्यांकन करते. अशा अभ्यासक्रमांच्या पदवीधरांना पीएमपी परीक्षेसाठी लागणाऱ्या अनुभवाच्या अटीत सवलत मिळत आली आहे. पीएमपी हे व्यक्तीला मिळणारे प्रमाणपत्र आहे, तर अधिस्वीकृती अभ्यासक्रमाला मिळते. पीएमपीची तयारी करून घेणारा वर्ग त्यामुळे आपोआप अधिस्वीकृत ठरत नाही. तसेच ही आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृती भारतातील वैधानिक मान्यतेची जागा घेत नाही.

वाशीम जिल्हा

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद यांच्यासह वाशीमचा समावेश झाला. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाला संलग्न आहेत, त्याची स्थापना नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन १ मे १९८३ रोजी झाली. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत.

एकाच परिसरात कला, वाणिज्य व विज्ञान शाखांसोबत व्यवस्थापन अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांच्या बाबतीत संस्था व अभ्यासक्रम हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. नॅकची श्रेणी सर्व शाखांच्या एकत्रित कामगिरीवर मिळते. त्यातील एखादा लहान व्यवस्थापन विभाग कसा आहे, हे तीवरून कळत नाही. याउलट, एका अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती त्याच संस्थेतील दुसऱ्या अभ्यासक्रमाला लागू होत नाही. प्रवेश घेताना अधिस्वीकृती कोणी दिली, ती संस्थेला आहे की अभ्यासक्रमाला आणि तिची मुदत केव्हा संपते, या तीन बाबी पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

मर्यादा व सुधारणा

मूल्यांकनाचा मोठा भाग कागदोपत्री पुराव्यांवर अवलंबून असल्याने नोंदी ठेवण्यासाठी पुरेसा कर्मचारीवर्ग नसलेल्या लहान संस्था मागे पडतात, तर श्रेणींच्या उतरंडीमुळे स्पर्धेला प्रोत्साहन मिळते, अशी टीका होत आली आहे. डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ असा द्विस्तरीय निकाल आणि त्यापुढे पाच पातळ्यांची परिपक्वताधारित अधिस्वीकृती सुचवली. जानेवारी २०२४ मध्ये या बदलांची घोषणा करण्यात आली.

हेसुद्धा पहा

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
विद्यापीठ अनुदान आयोग
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद
वाशीम जिल्हा