जिताड्याला वरचीही मर्यादा हवी

मासेमारीला आवर घालण्याची कोकणातली जुनी रीत तिथीची. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारलेल्या. आज साधारण त्याच काळाला कायद्याने १ जून ते ३१ जुलै अशी बंदी आहे. पाण्यात मासा किती, हे ठाऊक नसतानाही ही रीत चालते. आकड्याची मर्यादा फार उशिरा आली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या मिल्नर शेफर यांनी हिशेब मांडला की साठा मूळच्या निम्म्यावर आला की त्याची वाढ सर्वांत जोमाची होते, तेवढी वाढ दरवर्षी खुशाल धरावी. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात हे जागतिक उद्दिष्ट होऊन बसले. पण साठाच चुकीचा मोजला तर? न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत नेमके तेच झाले; अंदाज फुगलेले निघाले आणि १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. १९९५च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठे कराराने मग त्याच आकड्याची जागा बदलली. जिथे पोहोचायचे, तो आकडा आता ओलांडायचा नाही अशी सीमा झाला. या कुळकथेतले सर्वांत शहाणपणाचे वळण मला हेच वाटते, कारण ते अज्ञान गृहीत धरते.

महाराष्ट्रात ही सीमा २०२३ मध्ये लांबीच्या रूपाने आली. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून ५४ जातींची किमान लांबी ठरली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. साठा मोजायला नको, पट्टी पुरते. एकदा तरी अंडी घालू द्या, एवढेच त्यामागचे तत्त्व. पण धरमतरच्या खाडीत, अंबा नदीच्या आणि रोह्याच्या कुंडलिकेच्या मुखाशी जिताडा हा मासा आहे, आणि त्याच्यापाशी हे तत्त्व अपुरे पडते. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, बहुधा ८० सेंटिमीटरच्या पुढे, मादी होतो. लाखोंनी अंडी घालणारे मासे म्हणजे नेमके सर्वांत मोठे. फक्त खालची मर्यादा पाळली, तर लहान मासा वाचतो आणि जाळ्यांचा भार मोठ्या माशांवर, म्हणजे माद्यांवरही, पडतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडने याच जातीला दोन टोके बांधली आहेत: ५८ सेंटिमीटरहून लहान धरायचा नाही, १२०हून मोठाही नाही.

तिथले आकडे धरमतरला कसे लागू होतील, हा आक्षेप रास्त आहे. पाणी वेगळे, वाढीचा वेगही वेगळा असू शकतो. पण माहिती तोकडी असेल तेव्हा चांगल्या अभ्यासलेल्या तशाच साठ्यावरून तात्पुरती सीमा ठरवावी, अशी मुभा १९९५च्या कराराच्या परिशिष्टातच आहे. तो करार खाडीतल्या माशासाठी नाही, हे खरे. त्यातला विचार मात्र इथे चपखल बसतो. आज तात्पुरता आकडा घ्यावा, इथल्या माशांची पोटे तपासून उद्या बदलावा. दुसरा आक्षेप पोटापाण्याचा: मोठ्या जिताड्यालाच भाव जास्त. मोठा मासा सोडल्याने होणाऱ्या नुकसानीचा भार खाडीत जाळे टाकणाऱ्यावर पडेल आणि त्याची भरपाई मिळायला हवी, याबद्दल दुमत नसावे. खाडीकाठच्या खारेपाटात तळ्यात जिताडा पोसणाऱ्याचे मात्र काहीच जात नाही. दोन-तीन वर्षांत काढलेला तळ्यातला मासा वरच्या मर्यादेच्या बराच आत असतो आणि बहुतेक नरच असतो. चेन्नईच्या एका केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त पाण्यात जिताड्याचे बीज तयार करून दाखवले असले, तरी पावसाळ्यात खाडीतून पिल्ले धरून तळ्यात सोडायची रीत जिथे अजून आहे, तिथे ती पिल्ले याच मोठ्या माद्यांची असतात.