ग्रेहॉकच्या नकाशातील घरची माणसे

शिकागोच्या वायव्येस, विस्कॉन्सिन राज्याच्या हद्दीत, लेक जिनिव्हा नावाचे एक टुमदार गाव आहे. सरोवराकाठी शिकागोच्या धनिकांनी बांधलेले उन्हाळी बंगले आणि त्या बंगल्यांच्या आश्रयाने वाढलेली बाजारपेठ, एवढाच काय तो त्याचा जुना लौकिक. १९६८ साली या गावातील हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेऊन, टेबलावर चिमुकल्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींनी एक संमेलन भरविले आणि त्याला ‘जेन कॉन’ असे नाव दिले. त्या नावात गावाचा निर्देश होताच, शिवाय युद्धातील कैद्यांना व जखमींना कसे वागवावे हे ठरवून देणाऱ्या जगप्रसिद्ध जिनिव्हा करारांनाही एक मिस्कील मुजरा होता. संमेलनाचे प्रवर्तक गॅरी गायगॅक्स हे त्या काळी विम्याच्या कचेरीत नोकरी करणारे गृहस्थ. नावात थट्टा दडवून वर चेहरा गंभीर ठेवावयाचा, ही त्यांची खोड तेव्हापासूनची. आणि पुढे त्यांनी जे काल्पनिक जग उभारले त्याच्या दफ्तरात या खोडीच्या नोंदी पानोपानी सापडतात.

मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखात एक नवीनच खेळ चालविला होता. प्रत्येक गड्याने सैन्याऐवजी एकाच वीराची भूमिका घ्यावी, सूत्रधाराने प्रसंग सांगावेत आणि फाशांनी यशापयशाचा निवाडा करावा, अशी त्याची रीत. तो पाहून गायगॅक्स यांनी १९७२ साली आपल्या घरी तसाच डाव मांडला. त्यांचे पहिले दोन गडी म्हणजे त्यांचीच मुले, अर्नी आणि एलिझ. किल्ल्याचे नाव ‘ग्रेहॉक’. मुलखाचा नकाशा नव्याने काढण्याची तसदी सूत्रधारांनी घेतली नाही; उत्तर अमेरिकेचाच नकाशा पुढे ओढला, शिकागोच्या जागी ग्रेहॉक नगरी वसविली, मिलवॉकीच्या जागी ‘डायव्हर्स’ हे शहर ठेवले आणि मोहिमा सुरू झाल्या. १९७४ मध्ये या खेळाचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने छापले गेले, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. हा सारा पसारा पुढे लाखो लोकांच्या वाचनात येणार आहे, याची कल्पना नसल्यामुळेच त्यात घरगुती विनोद एवढा मोकळेपणाने शिरला असावा, असे मला वाटते.

अर्नीच्या जादूगाराचे नाव ‘टेन्सर’. ‘अर्नेस्ट’ या नावाची रोमन अक्षरे उलटसुलट केली की हे नाव तयार होते, त्यापलीकडे त्यात काही गूढ नाही. एलिझच्या पुजारिणीचे नाव होते ‘अलिसा’. पुढे त्याच नावाचा एक प्राचीन प्रांत नकाशावर आला आणि त्याला राजवंश, बंडे आणि तहनामे यांचा रीतसर इतिहास लाभला. गायगॅक्स यांच्या मित्रमंडळींपैकी जिम वॉर्ड यांनी तर आपले नाव आरशात धरावे तसे सरळ उलटे वाचून ‘ड्रॉमिज’ हा महान मांत्रिक सिद्ध केला. गायगॅक्स यांचा धाकटा मुलगा ल्यूक याच्या पात्राची हकीकत याहून गमतीची आहे. गड्याच्या टिपणाच्या कागदावर लिंग आणि वंश यांचे रकाने असत. पहिल्या रकान्यात पुरुषवाचक ‘एम’ हे आद्याक्षर पडले, शेजारच्या रकान्यात ‘एल्फ’ हा वंश पडला. नावाचा रकाना मात्र कोराच. मग ती दोन टिपणे सलग वाचून पात्राचे नाव ‘मेल्फ’ ठरले. कारकुनी कागदाच्या दोन रकान्यांतून जन्मलेला हा वीर पुढे एका राजकुलातील राजपुत्र म्हणून मान्यता पावला.

‘रेरी’ या नावामागचा हेतू तर निव्वळ खुशालचेंडूपणाचा होता. नवशिक्या जादूगाराला त्या नियमांत ‘मीडियम’ ही पदवी असे, आणि पाश्चात्त्य भोजनगृहात मांस अर्धकच्चे भाजून हवे असल्यास ‘मीडियम रेअर’ असे सांगतात. आपला गडी ‘मीडियम रेरी’ म्हणविला जावा एवढ्यासाठी ब्रायन ब्ल्यूम यांनी हे पात्र घेतले, आणि ती कोटी साधल्यावर त्यांचा त्यातील रस संपला, असे सांगतात.

घरातल्या घरात हे सारे शोभून दिसे. खरी गंमत झाली ती या नावांचा छापील ग्रंथात प्रवेश झाल्यावर. १९७८ च्या नियमग्रंथात मंत्रांची जी लांबलचक यादी आहे, तीत ‘टेन्सरची तरंगती तबकडी’, ‘ड्रॉमिजचे तत्काळ आवाहन’ अशी शीर्षके अत्यंत गंभीर मुद्रेने उभी आहेत; ‘मेल्फचा आम्लबाण’ पुढे १९८५ च्या ग्रंथात त्यांना येऊन मिळाला. दूरच्या गावी बसून तो ग्रंथ उघडणाऱ्या पोराला वाटावे की, हे कोणी पुराणपुरुष असणार, यांच्या बखरी कोठेतरी असणार. वास्तविक त्या मंत्रांचे कर्ते लेक जिनिव्हाच्या एका घरात खेळायला जमणारी पोरे आणि शेजारी होते. जो विनोद आपण विनोद असल्याचे सांगत नाही, त्याचीच अशी बढती होते.

थट्टेबरोबर ऋणनिर्देशही याच वाटेने झाला. जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या १९५० सालच्या पुस्तकातील मांत्रिक मंत्र पाठ करून डोक्यात साठवितात आणि एकदा म्हटला की तो स्मृतीतून पुसला जातो. खेळातील जादूचा सारा कायदा याच कल्पनेवर रचलेला. त्या लेखकाच्या आडनावाची अक्षरे फिरवून १९७६ च्या पुरवणी ग्रंथात ‘वेक्ना’ हा प्रेतमांत्रिक आला. तोही सदेह आला नाही, त्याचा तुटलेला हात आणि एक डोळा तेवढे मागे उरलेले. टोल्किन यांच्या बाबतीत मात्र असा आडपडदा आरंभी नव्हता. त्यांची नावे उघडपणे घेतली होती, म्हणून वारसदारांच्या बाजूने कायद्याचा बडगा दिसताच ‘हॉबिट’चे ‘हाफलिंग’ आणि ‘एंट’चे ‘ट्रिएंट’ करावे लागले.

राक्षसांच्या यादीतही अशी खरी वस्तू लपलेली आहे. हाँगकाँगची बनावट असलेली, ‘प्रागैतिहासिक प्राणी’ म्हणून पिशवीने मिळणारी प्लास्टिकची स्वस्त खेळणी गायगॅक्स यांच्या टेबलावर असत. कोणत्याही अस्सल प्राण्याशी त्यांचे नाते जुळत नसे, एकाच्या शेपटीला तर चक्क पंख्याच्या पात्यासारखे काहीतरी होते. त्याच्यातून लोखंड फस्त करणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ निघाला, दुसऱ्यातून घुबडाचे तोंड लावलेले अस्वल, आणि तिसऱ्यातून जमिनीखालून झेपावणारा ‘बुलेट’. या शेवटच्याचे वर्णन ‘ड्रॅगन’ मासिकाच्या जून १९७६ च्या पहिल्याच अंकात आहे.

या सर्व नावांत ‘मर्लिंड’ हे मला वेगळे वाटते. ते गायगॅक्स यांचे बालमित्र डॉन के यांच्या पात्राचे नाव. के यांनी आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढून १९७३ मध्ये गायगॅक्स यांच्या भागीदारीत प्रकाशनसंस्था काढली आणि १९७५ च्या जानेवारीत, चाळिशीही न गाठता, हृदयविकाराने ते गेले. त्यांना पाश्चिमात्य गोपालांच्या कथांचा नाद, म्हणून त्यांचा जादूगार कमरेला सहाबारी पिस्तुले लावून तलवारींच्या जगात वावरे. १९८३ च्या मार्चमध्ये गायगॅक्स यांनी मासिकातून मर्लिंडला देवतुल्य पदावर बसविले आणि त्याची पिस्तुले, त्या जगात दारू पेटत नसतानाही, त्याच्याजवळ कायम ठेवली. विसंगती उघड होती. ती सुधारण्याचे त्यांच्या मनात आले नाही, हेच योग्य झाले.

१९८० मध्ये ग्रेहॉकचा मुलूख स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने विकावयाचे ठरले, तेव्हा अमेरिकेचा तो उसना नकाशा अर्थातच चालणार नव्हता. डार्लीन या चित्रकर्तीच्या हातचा दोन मोठ्या तावांचा देखणा नवा नकाशा छापला गेला, आणि त्यावर नगरे, नद्या, संस्थाने यांना नावे पुरविताना पुन्हा मित्रपरिवाराची हजेरी घेतली गेली. युद्धखेळाचे नियम रचण्यात गायगॅक्स यांचे सहकारी असलेले जेफ पेरेन यांच्या वाट्याला ‘पेरेनलँड’ हा डोंगरी मुलूख आला; एवढे मोठे वतन लेखणीच्या एका फटकाऱ्यात मिळण्याचे भाग्य थोड्यांनाच लाभते.

पुढे कारभार बदलला. १९८५ मध्ये गायगॅक्स यांच्या हातून संस्थेचा ताबा गेला आणि ग्रेहॉक दुसऱ्यांच्या लेखणीखाली आले. १९८८ साली ‘कॅसल ग्रेहॉक’ नावाने जो ग्रंथ निघाला त्यात चित्रपटांची, जाहिरातींची, खाद्यपदार्थांच्या छापांची विडंबने खच्चून भरलेली होती. वाचक संतापले. विनोदाला त्यांचा विरोध नव्हता, कारण त्या किल्ल्याच्या पायातच विनोद होता. परंतु येथे प्रत्येक कोटी वाचकाला कोपराने ढोसून आपली दखल घ्यावयास लावीत होती. १९९१ च्या ‘ग्रेहॉक वॉर्स’मध्ये तर याच्या उलट टोक गाठले गेले. तेथे रेरी हा कपटी विश्वासघातकी ठरला आणि तहाच्या प्रसंगी त्याने टेन्सरचा घात केला. अर्धकच्च्या मांसावरील कोटीने बापाच्या हाताखालून निघून गेलेल्या दफ्तरात मुलाच्या नावाचा खून करावा, आणि ते वाचून वाचकांनी हळहळावे, इथपर्यंत मजल गेली.

२००० साली खेळाचे नियम इतर प्रकाशकांना वापरण्यासाठी खुले करण्यात आले. त्या खुल्या संहितेत नवीन मालकांनी आपली मालमत्ता काळजीपूर्वक राखून ठेवली : मंत्र सर्वांसाठी मोकळे, नावे मात्र संस्थेची. म्हणून त्या संहितेत ‘तरंगती तबकडी’ आहे पण टेन्सर नाही, ‘आम्लबाण’ आहे पण मेल्फ नाही, ‘तत्काळ आवाहन’ आहे पण ड्रॉमिज नाही. वेक्ना मात्र २०२२ मध्ये एका दूरचित्रमालिकेतील खलनायकाचे टोपणनाव होऊन मुंबई-पुण्यातील पोरांच्याही तोंडी बसला.