अमीनाबादच्या दोन शाळा आणि मागासलेपणाचा प्रश्न

अमेरिकेत कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाच्या आणि मूळनिवासी समाजांतील मुले शाळेत मागे का पडतात, याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील विद्वानांत मोठा वाद झाला. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारलेला जेम्स कोलमन यांचा 1966 चा अहवाल सांगत होता की शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा परिणाम अधिक असतो. त्यातून दोष समाजाच्या संस्कृतीवर टाकणे अनेकांना सोयीचे वाटले. नायजेरियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांनी 1978 मध्ये वेगळा विचार मांडला. स्वेच्छेने आलेले स्थलांतरित आणि गुलामगिरीने किंवा जिंकून घेतल्यामुळे देशात सामील झालेले समाज यांच्यात त्यांनी भेद केला, आणि दुसऱ्या प्रकारच्या समाजांना त्यांनी जातिसदृश अल्पसंख्य म्हटले. शिकूनही वरची नोकरी मिळत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या समाजाची शाळेवरची श्रद्धा उडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतातील जातींचा दाखला त्यांनी स्वतःच घेतला होता. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ 1873 मध्ये अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या वाचकांना ही तुलना परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र भारतात ती केवळ जातीपुरती मर्यादित ठेवता येत नाही, आणि हे तपासण्यासाठी लखनौच्या अमीनाबादइतके उपयुक्त ठिकाण क्वचितच सापडेल.

अवधचे नबाब अमजद अली शाह (कारकीर्द 1842 ते 1847) यांचे वजीर इमदाद हुसेन खान यांना अमीनुद्दौला असा किताब होता, आणि त्यांनी वसवलेली बाजारपेठ म्हणून या भागाला अमीनाबाद म्हणतात. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले, पुढच्याच वर्षी उठाव झाला, आणि तो मोडल्यावर नव्या सत्तेने तालुकदारांना, म्हणजे गावांच्या समूहावर महसुली हक्क असलेल्या जमीनदारांना, पुन्हा जवळ केले. याच तालुकदारांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगच्या स्मरणार्थ काढलेले कॅनिंग कॉलेज 1 मे 1864 रोजी अमीनाबादेत, अमीनुद्दौलांच्या वाड्यात सुरू झाले. त्याच्या पोटातूनच पुढे 1920 च्या कायद्याने लखनौ विद्यापीठ आकाराला आले. इंग्रजी शिक्षणाबरोबर येथे अरबी, फारसी आणि संस्कृतचा प्राच्य विभागही होता, कारण देणगी देणाऱ्यांना आपल्या मुलांनी नवे शिकावे पण जुने सोडू नये असे वाटत होते.

या आधीचे लखनौ निरक्षर नव्हते, हे येथे ठासून सांगणे आवश्यक आहे. शहरातील फिरंगी महल या वाड्यात राहणाऱ्या उलेमांच्या घराण्यात अठराव्या शतकात मुल्ला निजामुद्दीन यांनी अध्यापनाला जो आकार दिला, तो ‘दर्स-ए-निजामी’ म्हणून उपखंडभर पसरला. त्यात धर्मग्रंथांइतकेच, किंबहुना काही वेळा अधिक, महत्त्व तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि कायद्याला होते; काझी, मुफ्ती आणि दरबारी अधिकारी घडवणे हा त्याचा व्यावहारिक उपयोग होता. फारसी ही राज्यकारभाराची भाषा असल्याने कायस्थ आणि काश्मिरी पंडित घराण्यांतील मुलेही मक्तबात, म्हणजे प्राथमिक फारसी शाळेत, मौलवींपुढेच बसत. कॅनिंग कॉलेजात शिकलेले आणि 1878 पासून ‘अवध अखबार’मध्ये ‘फसाना-ए-आझाद’ क्रमशः लिहिणारे रतननाथ सरशार हे काश्मिरी पंडित होते, आणि ते वृत्तपत्र ज्यांचे होते ते मुनशी नवलकिशोर भार्गव कुळातले होते. भाषा, अदब, पोशाख, मुशायरे हे सारे सामायिक होते.

म्हणूनच ‘मुसलमानांची संस्कृती आधुनिक शिक्षणाला प्रतिकूल’ हे विधान लखनौला लागू पडत नाही. हे मत रूढ झाले ते ब्रिटिश अधिकारी विल्यम हंटर यांच्या भारतीय मुसलमानांविषयीच्या 1871 च्या पुस्तकामुळे. पण त्याचा आधार मुख्यतः बंगालचा होता, जिथे मुसलमानांत कुळे आणि शेतकरी बहुसंख्य होते. वायव्य प्रांत आणि अवध, म्हणजे साधारण आजचा उत्तर प्रदेश, येथे चित्र उलटे होते: लोकसंख्येत मुसलमान सुमारे सातवा हिस्सा असताना शाळांतील आणि सरकारी नोकऱ्यांतील त्यांचा वाटा त्याहून मोठा होता. 1882 मध्ये हंटर यांच्याच अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे फुल्यांनी शेतकरी आणि अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी निवेदन दिले, ते वस्तुतः अधिक नेमके होते, कारण त्यांनी धर्माची सरासरी न काढता कष्टकरी वर्ग कोणता आणि सरकारी पैसा कोणाच्या शाळांवर जातो, हे विचारले. सरासरी हा आकडा प्रामाणिक असतो, पण तो कोणाचा आहे हे सांगत नाही.

कॅनिंग कॉलेजाखेरीज अमीनाबादेतली दुसरी शाळा मुलींची. ओहायोहून आलेल्या मेथडिस्ट शिक्षिका इसाबेला थोबर्न यांनी 1870 च्या एप्रिलमध्ये अमीनाबादच्या बाजारात एका खोलीत सहा मुलींना घेऊन ती सुरू केली. आरंभी तेथे मुख्यतः भारतीय ख्रिस्ती कुटुंबांतील मुली होत्या. पुढच्या वर्षी शाळा लालबागेत गेली आणि 1886 मध्ये महाविद्यालयीन वर्ग उघडले. पडदा, म्हणजे स्त्रियांनी परपुरुषांपासून दूर राहण्याची रीत, हा शिक्षणातला मुख्य अडसर होता असे सामान्यतः लिहिले जाते. त्यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. वरच्या घरांतील पडदानशीन मुलींना घरी उस्तानी, म्हणजे शिक्षिका, ठेवून उर्दू-फारसी शिकवले जात असे, आणि शाळेनेच पडदा सांभाळण्याची हमी दिली की त्या घराबाहेरही येत. न्यायमूर्ती करामत हुसेन यांनी 1912 मध्ये लखनौत मुस्लिम मुलींसाठी काढलेली शाळा याच तत्त्वावर उभी होती. अलीगढला मुलींची शाळा काढणाऱ्या शेख अब्दुल्ला यांच्या कन्या रशीद जहाँ इसाबेला थोबर्न कॉलेजात शिकून डॉक्टर आणि लेखिका झाल्या, तर तालुकदार घराण्यातील अतिया हुसेन यांनी लखनौ विद्यापीठाची पदवी मिळवली. पडदा तोच, पण घरात पैसा आणि पुस्तके असली की तो भेदता येई.

जुन्या लखनौच्या वस्त्यांत चिकनकारी करणाऱ्या स्त्रियांच्या घरी मात्र हे शक्य नव्हते. चिकन म्हणजे मलमलीवर पांढऱ्या धाग्याने केलेले भरतकाम. ते घरी बसून, नगावर मजुरी घेऊन होते, दलाल कापड आणून देतो, तयार माल घेऊन जातो, आणि अमीनाबादच्या दुकानांत तो ज्या भावाला विकला जातो त्याच्याशी कारागिराच्या मजुरीचे प्रमाण जुळत नाही. मुलगी लहानपणापासून आईबरोबर बसून टाके शिकली तर घरात दोन पैसे अधिक येतात. शाळेत गेली तर ते बुडतात. येथे शिक्षणाच्या आड येतो तो धर्म किंवा शिष्टाचार नव्हे, तर तिचे रोजचे श्रम.

ज्या मध्यमवर्गाजवळ विद्या होती, त्याची घसरण मात्र राज्यसत्तेच्या निर्णयांशी बांधलेली आहे. इंग्रजी आमदनीत फारसीची जागा उर्दूने घेतली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कनिष्ठ नोकरीसाठीही शालेय परीक्षेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरू लागले, आणि एप्रिल 1900 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडॉनल यांच्या आदेशाने कचेऱ्यांत नागरी लिपीतील अर्जांना मान्यता मिळाली. कायस्थ आणि काश्मिरी घराणी लवकर इंग्रजीकडे वळली; कायस्थांनी 1873 मध्ये अलाहाबादेत स्वतःची पाठशाळा काढली, आणि तिचे संस्थापक मुनशी काली प्रसाद लखनौत वकिली करत. फाळणीनंतर शिकलेल्या मुस्लिम घराण्यांतील बरीच माणसे पाकिस्तानात गेली. 1951 च्या कायद्याने हिंदी राज्यभाषा झाली आणि जमीनदारी रद्द होऊन तालुकदारांच्या देणग्या आटल्या. त्रिभाषा सूत्र आले तेव्हा उत्तर प्रदेशातील शाळांत तिसरी भाषा म्हणून बहुधा संस्कृत शिकवली गेली, उर्दू बाजूला राहिली. उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा 1989 मध्ये मिळाला, पण दरम्यान दोन पिढ्यांची शालेय वर्षे निघून गेली होती.

ओग्बूंचा सिद्धांत येथे अंशतःच उपयोगी पडतो. ज्यांना जिंकून घेतले त्यांचा शाळेवरचा विश्वास उडतो हे अवधच्या तालुकदार घराण्यांविषयी खरे असू शकेल, पण याच घराण्यांनी कॅनिंग कॉलेजला पैसा दिला, आणि चिकन काढणाऱ्या स्त्रीला विश्वास ठेवण्या-न ठेवण्याची निवडच नव्हती. भारतातील मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने नोव्हेंबर 2006 च्या अहवालात दाखवले की 2001 च्या जनगणनेत मुसलमानांची साक्षरता 59.1 टक्के, तर देशाची 64.8 टक्के होती. त्याच अहवालाने हेही नोंदवले की शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले तीन-चार टक्क्यांहून अधिक नाहीत.