कुंभारजुव्याची खाडी: खंदक ते खनिजवाट

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या खाणींचं खनिज पावसाळ्यात मुरगाव बंदरात कसं पोचवायचं? मांडवी नदीतून थेट समुद्रात शिरावं, तर आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचलेला आणि दर्या खवळलेला. म्हणून सारमानस, आमोणे इथल्या धक्क्यांवर भरलेले बार्ज कुंभारजुव्यापाशी डावीकडे वळत, बाणस्तारीच्या पुलाखालून झुआरी नदीत उतरत आणि मुरगाव गाठत.

या वाटेला कालवा म्हणतात, पण तो कुणी खणलेला नाही. मांडवी आणि झुआरीला जोडणारी ही 17 किलोमीटरची नैसर्गिक खाडी. भरतीचं पाणी तिच्यात दोन्ही तोंडांनी शिरतं. तिच्यामुळेच तिसवाडी बेट झाली.

तिचं जुनं काम खंदकाचं. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तरी आदिलशाही सैन्य बाणस्तारीच्या उतारावर ठाण मांडून होतं. 1512 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कनं वेढा घालून ते हटवलं. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्यानं जवळच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीजांच्या राजधानीचा जीव टांगणीला लागला.

या खाडीत मगरी आहेत. शत्रूला अडवायला त्या मुद्दाम सोडल्या, अशी कथा सांगतात. काठच्या शेतकऱ्यांचं मगरीशी नातं मात्र वेगळं. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध फुटला की खारं पाणी भातात शिरतं. बांध-शेत राखलं जावं म्हणून पौष अमावस्येला दुर्भाट-आडपई भागात चिखलाची मगर करून पुजतात. तिला मांगे थापणी म्हणतात. कुंभारजुव्यात गणेशविसर्जनाला होड्या एकमेकींना बांधून सांगोड निघतो, तोही याच पाण्यावर.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची लोहखनिजाची मागणी वाढली आणि जुना खंदक व्यापाराची वाट झाला. 2016 च्या कायद्यानं त्याला राष्ट्रीय जलमार्ग 27 हा क्रमांक मिळाला. दोनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि खनिजाची वर्दळ थंडावली.

आता इथे पर्यटकांच्या होड्या फिरतात. जायचं तर ओहोटीची वेळ साधा. चिखलाचे काठ उघडे पडतात, उन्हाला आलेल्या मगरी दिसतात आणि खाजनाचे बांध, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशींची दारंही नीट पाहता येतात. नावाड्याला होडी मगरींपासून लांब ठेवायला सांगा.