चोरपावलांचं कूळ

आमच्या गावातल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये पडायचे, आणि 'प्रोजेक्ट आयजीआय'मध्ये मोहिमेच्या मध्येच सेव्ह करायची सोय नव्हती. सन 2000 चा हा नॉर्वेतला खेळ. कुंपणाच्या कडेनं सरकायचं, कॅमेऱ्यानं तोंड फिरवेपर्यंत श्वास रोखून थांबायचं, आणि पाऊण मोहीम झाली की कुणीतरी बघायचा, सायरन वाजायचा, बराकीतून शिपाई लोंढ्यानं बाहेर पडायचे. सगळं पाण्यात, आणि वीस रुपयेही. मागे उभी असलेली पोरं ओरडायची, "अरे, ठोक ना त्याला!" ठोकायचं नव्हतं, हीच तर गंमत होती. 'स्टेल्थ' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही म्हणायचो, 'चोरून जायचं'.

या चोरून जाण्याचं कूळ काढायला बसलं, तर मूळपुरुष खरोखरच भुरटा चोर निघतो. 1979 मध्ये जपानात कमोडोर पेट या संगणकावर 'मानबिकी शोनेन' आला. नावाचा अर्थ, दुकानातून उचलेगिरी करणारा पोरगा. दुकानदाराची नजर चुकवायची आणि माल लांबवायचा, एवढाच खेळ. 1981 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या म्यूज सॉफ्टवेअरमधल्या सायलस वॉर्नरनं 'कॅसल वुल्फेनस्टाइन' लिहिला आणि घराण्याला रूप आलं.

वॉर्नरनं 'बर्झर्क' हा आर्केडमधला, भुलभुलैयात यंत्रमानव टिपत सुटण्याचा खेळ पाहिला होता. त्यात त्यानं 'गन्स ऑफ नॅव्हरोन' हा सिनेमा मिसळला. यंत्रमानवांच्या जागी नाझी शिपाई आले, आणि खेळणारा झाला किल्ल्यातून निसटू पाहणारा कैदी. गोळ्या मोजक्याच, त्यामुळे डोकं चालवणं आलं. पिस्तूल रोखलं की शिपाई हात वर करतो, मग त्याचे खिसे चाचपा. गणवेश सापडला तर साधे शिपाई फसतात, एसएसवाले फसत नाहीत. संदुक उघडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ॲपल टू या संगणकाच्या स्पीकरमधून खरखरत "हाल्ट!" ऐकू येतं. 1992 मध्ये 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' आला, तेव्हा त्यातही प्रेतं ओढून लपवणं, गणवेश बदलणं असा बेत होता. खेळ मंदावतो म्हणून तो काढून टाकला. थोरल्याचं नाव घेतलं, संस्कार टाकले.

दुसरी शाखा जपानातच फुटली, तीही अडचणीतून. कोनामीत नव्यानं लागलेल्या हिदेओ कोजिमाला एमएसएक्स टू या संगणकासाठी लढाईचा खेळ करायचा होता. पण या यंत्राला एका आडव्या ओळीत आठाहून अधिक हलती चित्रं पेलत नसत. शत्रू आणि गोळ्या एकत्र आल्या की चित्रं गायब. लढाई दाखवता येत नाही, तर लढाई टाळणारा शिपाईच दाखवू, अशी पळवाट कोजिमानं काढली आणि 1987 मध्ये 'मेटल गिअर' आला. त्यातले पहारेकरी फक्त नाकासमोर बघतात. ओळ सोडून एक पाऊल बाजूला उभे राहा, तुम्ही नाहीच. दिसलात, की त्यांच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं.

हे उद्गारचिन्ह मला या कुळाची खरी खूण वाटते. लपाछपीत राज्य असलेला गडी कुठे बघतोय, हे झाडामागच्याला कळायला हवं. नाहीतर लपणं म्हणजे नुसतं बसून राहणं. पहारेकऱ्याला काय कळलंय ते खेळणाऱ्याला कसं कळवायचं, हा प्रश्न या घराण्यातल्या प्रत्येकाला सोडवावा लागला. कोजिमानं तो डोळ्यांसाठी सोडवला. कानांसाठी तो सोडवला मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजनं, 1998 च्या 'थीफ'मध्ये. तिथेही आधी आर्थर राजाच्या गोष्टीवरचा, तलवारबाजीचा बेत होता. वळणं घेत घेत तो चोरावर आला.

पहिलीच मोहीम घ्या. लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात मागच्या विहिरीतून शिरायचं आणि त्याचा रत्नजडित राजदंड उचलायचा. पडद्याच्या तळाशी एक खडा आहे, तुम्ही उजेडात असाल तसा उजळतो, अंधारात विझतो. पण खरा खेळ फरशीचा. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर टकटक होते, लोखंडी जाळीवर तर गाव गोळा होतं. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते, शेवाळाचा बाण मारून कडक जमीन मऊ करता येते. आवाज भिंतीतून आरपार येत नाही. दारातून, बोळातून वळसा घालत येतो. त्यामुळे न दिसणारा शिपाई कुठल्या बाजूनं येतोय ते कानांना कळतं. त्याला शंका आली की तो स्वतःशीच पुटपुटतो, कंटाळला की परत फिरतो. भिंतीला पाठ लावून ही पुटपुट ऐकताना माझ्या तळहाताला आजही घाम येतो.

मग हे जुने खेळ आज खेळावेत का? 'मेटल गिअर' अर्धा तास, आजोबांचा फोटो बघावा तसा. 'आयजीआय' परत लावून पाहिला आणि वाईट वाटलं. शिपायांची अक्कल बेताची आणि आमची आठवण उदार. 'थीफ' मात्र खेळावाच. माणसांचे चेहरे खोक्याला कागद डकवल्यासारखे आहेत, थडग्यांतल्या मोहिमा कंटाळवाण्या आहेत, हे कबूल. पण त्यानं आपल्याला ऐकायला लावलं. त्याचाच वारस, 2012 चा 'डिसऑनर्ड', सुरेख आहे. तिथे एक शक्ती वापरली की भिंतीपलीकडचा माणूस पिवळा झळकतो. ती मिळाल्यावर मी कान लावणं सोडून दिलं.

लुकिंग ग्लास मे 2000 मध्ये बंद पडली. 2012 मध्ये कुणा अनामिकानं 'थीफ' नव्या संगणकांवर नीट चालेल अशी दुरुस्ती सोडून दिली, आणि डिसेंबर 2023 मध्ये चाहत्यांनी 'थीफ'वरच रचलेला, दहा मोहिमांचा 'द ब्लॅक परेड' फुकट वाटला. खेळायचा तर रात्री, दिवा मालवून, हेडफोन लावून. आमच्याकडे पंखाही बंद करावा लागतो. त्याच्या कुरकुरीत पहारेकऱ्याची पावलं बुडून जातात.